मत्स्यसंशोधनाचे अर्ज व त्यांचे परीक्षण



मत्स्यसंशोधनासाठी द्रव्यसाहाय्य मागणारे जे अर्ज शास्त्रज्ञ मंडळी करतात, त्यांची पारख कोण करतो व कशी करतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे. विषय ऐकूनच काही घरांत रेडिओचा खटका बंद होण्याचा संभव आहे, हे मी जाणतो. तथापि रविवारी सकाळी बाजारात पापलेटाचा भाव ऐकून ज्या गृहस्थांना हात आखडता घ्यावा लागतो, त्यांनी तरी थोडा वेळ थांबावे; कारण पुढील पिढीस ते पापलेट पाहावयास मिळणार की नाही, हे काही अंशी ह्याच अर्जांवर अवलंबून आहे.

मी स्वतः शास्त्रज्ञ नव्हे. भिवंडी तालुक्यातील अंबाडी ह्या गावी राहणारा, मॅट्रिकपर्यंत शिकलेला एक निवृत्त शिक्षक आहे. ह्या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारल्यास एवढेच सांगेन की, माझे सारे आयुष्य दुसऱ्याच्या लिहिण्यावर गुण देण्यात गेले आहे. आणि ह्या विषयाच्या मुळाशी जाऊन पाहिले तर तेथेही तेच चालले आहे.

आमच्या बाजूस मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला म्हणजे तानसा नदीस व तिला मिळणाऱ्या ओढ्यानाल्यांस गढूळ, लालसर पाणी येते. त्या रात्री नदीतले मासे प्रवाहाच्या उलट वर चढू लागतात, ओढ्यांतून भातखाचरांत शिरतात आणि तेथे अंडी घालतात. ह्यास आमच्याकडे वलगण म्हणतात. ठाणे-रायगडाकडील श्रोत्यांस हा शब्द सांगावयास नको. वलगण लागल्याची बातमी फुटली की अर्धा गाव हातात बत्ती, पाग, काठी, जे मिळेल ते घेऊन चिखलात उतरतो. अलीकडे मच्छरदाण्याही उतरू लागल्या आहेत, आणि मच्छरदाणीतून बोटाएवढे पिल्लूही सुटत नाही. वलगणीच्या माशाच्या पोटात गाबोळी असते व तिची चव अप्रतिम असते. मीही ती आवडीने खाल्ली आहे, हे कबूल केले पाहिजे. पण अंडी घालण्याच्या वाटेवरच मासा धरला म्हणजे पुढील वर्षाचे मासे आपण आजच्या कालवणात घातले, हा हिशेब समजण्यास मोठी विद्वत्ता नको.

माझा एक जुना विद्यार्थी मत्स्यविज्ञान शिकून संशोधनास लागला. त्याने ह्या वलगणीवर एक योजना आखली. चार ओढे निवडावयाचे. तीन पावसाळे प्रत्येक रात्री वर चढणारे मासे मोजावयाचे. त्यांतील गाभण माद्या किती, कोणत्या जातीच्या, पावसाच्या कितव्या दिवशी आल्या, हे टिपावयाचे. आणि दोन ओढ्यांवर गावकऱ्यांच्या संमतीने पहिल्या काही रात्री मासेमारी थांबवून पुढील वर्षी काय फरक पडतो ते पाहावयाचे. खर्च म्हणाल तर एका मध्यम मोटारीच्या किमतीहून कमी. अर्ज गेला, आठ महिन्यांनी उत्तर आले : नामंजूर. सोबत दोन परीक्षकांचे अभिप्राय होते. एकाने शंभरांपैकी ऐंशीच्या वर गुण देऊन लिहिले होते की, हे काम फार पूर्वीच व्हावयास हवे होते. दुसऱ्याने पन्नासाच्या आत गुण देऊन लिहिले होते की, अर्जात नावीन्य नाही. सरासरी काठावर आली आणि काठावरच्यांची रांग लांब होती. तो ते कागद घेऊन मजकडे आला व म्हणाला, "गुरुजी, दोघांनी एकच अर्ज वाचला असेल ना?"

मी त्यास म्हटले, "अरे, एकच वाचला असेल. मला नवल वाटत नाही." त्याचे कारण पुढे सांगतो. आधी अशा अर्जाचा प्रवास कसा होतो ते थोडक्यात पाहू.

पैसे देणारी दारे आपल्या देशात अनेक आहेत. भारतीय कृषी अनुसंधान परिषद आहे. केंद्र सरकारचा जैवतंत्रज्ञान विभाग आहे. २००८ च्या कायद्याने विज्ञान व अभियांत्रिकी संशोधन मंडळ स्थापन झाले होते, त्याची जागा २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन ह्या संस्थेने घेतली. संस्था जाहिरात काढते व कोणत्या विषयांवर काम हवे ते कळवते. कृषी परिषदेच्या राष्ट्रीय कृषी विज्ञान निधीसारख्या ठिकाणी आधी संक्षिप्त टिपण मागवतात आणि ते पसंत पडले तरच पूर्ण प्रस्ताव. मग कचेरीत छाननी होते : सही आहे काय, संस्थाप्रमुखाचे पत्र आहे काय, मागच्या अनुदानाचा हिशेब दिला आहे काय. येथे पुष्कळ अर्ज विज्ञानाचा एक शब्दही वाचला जाण्यापूर्वी गळतात. उरलेले त्या विषयातील दोन-तीन जाणकारांकडे जातात. विषयाचे महत्त्व, नावीन्य, कामाची पद्धत, अर्जदाराची व त्याच्या संस्थेची पात्रता आणि खर्चाचा अंदाज, साधारणतः ह्या सदरांखाली ते मत देतात. नंतर तज्ज्ञांची समिती बसते, निवडक अर्जदारांस समोर बोलावते आणि दहा-पंधरा मिनिटांत तीन वर्षांच्या कामाचे समर्थन करावयास सांगते. मंजूर झाले तरी मागितलेले सगळे मिळेल असे नाही. पहिला हप्ता येतो, आणि उपयोगिता प्रमाणपत्र गेल्यावर दुसरा.

ह्यात एक गोष्ट माझ्या शिक्षकी मनास खटकली. आपल्या बोर्डाच्या परीक्षेत उत्तरपत्रिकेवर विद्यार्थ्याचे नाव नसते, बैठक क्रमांक असतो. परीक्षकाच्या वर नियामक असतो, नियामकावर मुख्य नियामक. येथे बहुधा उलट आहे. परीक्षकाचे नाव अर्जदारापासून गुप्त राहते, पण अर्जदाराचे नाव, गाव, संस्था, सारे परीक्षकासमोर उघडे असते. मोठ्या संस्थेचा शिक्का पाहून कोणाचे मन किंचितही झुकत नाही, असे मानणे म्हणजे मनुष्यस्वभाव विसरणे होय. उलट बाजूही आहे. समुद्रावर काम करावयाचे तर नौका लागते, प्रयोगशाळा लागते, आणि अर्जदारापाशी ती आहे की नाही हे न पाहता पैसे देणे म्हणजे लोकांचा पैसा पाण्यात टाकणे होय. तेव्हा नाव झाकणे उत्तरपत्रिकेस जितके सोपे, तितके येथे नाही, एवढे मी मानतो.

आता मला नवल का वाटले नाही ते सांगतो. १९३५ साली इंग्लंडात हार्टॉग व ऱ्होड्स ह्या दोघांनी परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका, ज्यांना मूळ परीक्षेत सारखेच मध्यम गुण मिळाले होते, अनुभवी परीक्षकांस तपासावयास दिल्या. एक ते दीड वर्षाने त्याच उत्तरपत्रिका १४ परीक्षकांस पुन्हा दिल्या. नापास, उत्तीर्ण की विशेष उत्तीर्ण, असे एकूण २१० निर्णय झाले. त्यांपैकी ९२ निर्णय पहिल्याहून वेगळे निघाले. दुसऱ्या परीक्षकाशी मतभेद झाला असता तर समजले असते. येथे प्रत्येकाचा स्वतःशीच मतभेद झाला! हे वाचून मी हसलो नाही. माझ्या हातून एकदा एकच निबंध चुकून दोनदा तपासला गेला होता. सकाळी मी त्यास दहापैकी सात गुण दिले होते, रात्री जेवणानंतर साडेचार. ती वही मी कोणास दाखवली नाही.

संशोधनाच्या अर्जांचीही अशी तपासणी झालेली आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाकडे आलेले १५० अर्ज, काही मंजूर झालेले व काही फेटाळलेले, कोल बंधू व सायमन ह्या अभ्यासकांनी नव्या परीक्षकांस पुन्हा वाचावयास दिले. त्यांचे निष्कर्ष १९८१ साली प्रसिद्ध झाले. सुमारे चतुर्थांश अर्जांच्या बाबतीत निकाल फिरला असता, असे आढळले. त्यांचे म्हणणे असे की, अर्जाचे भवितव्य जवळजवळ निम्मे त्याच्या गुणांवर व निम्मे कोणता परीक्षक वाट्यास आला ह्या योगायोगावर ठरते. ते अर्ज माशांचे नव्हते, रसायन, पदार्थविज्ञान व अर्थशास्त्राचे होते. पण वाचणारा मनुष्यच होता.

म्हणून काही देशांत उपायही अजब निघाले आहेत. न्यूझीलंडच्या आरोग्य संशोधन परिषदेने २०१३ पासून एका योजनेत अर्ज फक्त 'योग्य' की 'अयोग्य' एवढेच ठरवून, योग्य ठरलेल्यांत चिठ्ठ्या टाकण्यास सुरुवात केली. म्हाडाच्या घरांची सोडत आणि विज्ञानाचे अनुदान एका पंक्तीस बसलेले पाहून आपल्याकडील विद्वानांस कसेसे होईल. परंतु दोन अगदी सारख्या अर्जांत अर्ध्या गुणाने निवड करून तीस न्याय म्हणण्यापेक्षा चिठ्ठी अधिक प्रामाणिक आहे, असे मला वाटू लागले आहे.

परंतु चिठ्ठीने सुटणार नाही अशी एक अडचण आहे, आणि आज मला जे मुख्यतः सांगावयाचे आहे ते हेच. ती अडचण 'नावीन्य' ह्या सदराची होय. हे सदर यंत्रशास्त्रात किंवा औषधनिर्मितीत ठीक असेल. पाण्यातील सजीवांच्या बाबतीत पुष्कळदा नवे काही नको असते. जुनेच काम, त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे करणारा मनुष्य हवा असतो.

दोन उदाहरणे देतो. पहिले गोड्या पाण्याचे. कटला, रोहू, मृगळ हे मासे तळ्यात चांगले पोसतात, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. म्हणून पूर्वी त्यांचे बीज पुराच्या वेळी नद्यांतून गोळा करून आणावे लागे. त्यात नको त्या जातींची भेसळ असे आणि वाटेत पुष्कळ मरे. माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून त्यास अंडी घालावयास लावता येते, ही कल्पना अर्जेंटिनात हुसे ह्या शास्त्रज्ञाने १९३० साली तपासली होती; नंतर ब्राझीलमध्ये ती प्रत्यक्षात आली; आपल्याकडे पंजाबात हमीद खान ह्यांनी १९३७ च्या सुमारास मृगळावर प्रयत्न केला होता. त्यानंतर कटक येथील केंद्रात डॉ. हिरालाल चौधरी ह्यांनी हे काम पुन्हा हाती घेतले. कोणत्या माशास किती मात्रा, कोणत्या वेळी, किती अंतराने, असे बारीकसारीक प्रश्न घेऊन ते बसले आणि १९५७ च्या जुलै महिन्यात ओडिशातील अंगुल येथे त्यांस यश आले. १० जुलै हा दिवस आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात तो त्याच प्रयोगाच्या स्मरणार्थ. आज महाराष्ट्रातील तळ्यांत व धरणांत जे मत्स्यबीज सोडले जाते, ते बव्हंशी ह्या युक्तीच्या वंशातले आहे. आता कल्पना करा की, १९५७ च्या आधी हा विषय एखाद्या कडक परीक्षकापुढे अर्जरूपाने गेला आहे. त्याने काय लिहिले असते? "हे ब्राझीलमध्ये वीस वर्षांपूर्वी झाले आहे, आपल्याकडेही एकाने करून पाहिले आहे, नावीन्य नाही." आणि त्याचे प्रत्येक वाक्य खरे असते!

दुसरे उदाहरण आपल्या किनाऱ्याचे. पूर्वीच्या ठाणे व आताच्या पालघर जिल्ह्यातील सातपाटीचे पापलेट प्रसिद्ध आहे. तेथील कोळी बांधव पुष्कळ वर्षे सांगत आले की, बारीक आसाच्या जाळ्यांत पापलेटाची पिल्ले मरत आहेत, त्यांस वाचवा. हे सांगणे खरे असले तरी कायद्यास आकडा लागतो. पिल्लू म्हणजे किती लांबीचे? त्याचे उत्तर खोलीत बसून मिळत नाही. बंदरावर जावे, आलेल्या मासळीतून नमुना घ्यावा, मोजपट्टी लावावी, पोट फाडून अंडाशयाची अवस्था पाहावी, वहीत टिपावे. पुढील महिन्यात पुन्हा तेच. पुढील वर्षी पुन्हा तेच. अशा मोजणीतून, मासा प्रथम कोणत्या लांबीस प्रजननक्षम होतो ते कळते. केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्था १९४७ पासून आपल्या किनाऱ्यांवरील मासळीची मोजदाद करीत आली आहे. तिच्या शिफारशींवरून महाराष्ट्र सरकारने २०२३ साली पन्नासाहून अधिक जातींच्या माशांसाठी किमान लांबी ठरवून दिली : पापलेट १३५ मिलिमीटर, सुरमई ३७० मिलिमीटर. त्याच वर्षी पापलेटास राज्यमासा हा मानही मिळाला. मान मिळाल्याने मासा वाढत नाही. १३५ ह्या आकड्याने, तो पाळला गेला तर, वाढू शकेल. घरी मासळी घेताना आपल्या तळहाताशी तो आकडा ताडून पाहण्यास हरकत नाही.

आता हे मोजणीचे काम नव्या अर्जाच्या रूपाने मांडा. "आम्ही बंदरावर जाऊन मासे मोजू. गेल्या वर्षीही मोजले होते. पुढील वर्षीही मोजू." नावीन्याच्या सदरात ह्यास किती गुण मिळतील? मोठ्या सरकारी संस्थेस निदान पगारी माणसे आहेत. तिची मोजणी अर्जाशिवायही चालते. पण नद्या, ओढे, खाड्या आणि वलगण ह्यांच्याकडे कायमचे लक्ष ठेवणारे पगारी डोळे थोडे. तेथे जे व्हावयाचे ते अर्जावरच होणार. तीन वर्षांपुरते होणार. आणि तीन वर्षांनी वही बंद होणार. मासा मात्र तीन वर्षांच्या हप्त्यांनी जगत नाही. एक पावसाळा उशिरा आला, एक अतिवृष्टीचा गेला, म्हणजे तीनांपैकी दोन वर्षे बाद झाली!

ज्याच्या पैशाने हे चालते त्याचा आवाज परीक्षणात किती, हाही प्रश्न आहे. आपल्याकडे १९४० साली शेतमालाच्या निर्यातीवर मूल्याच्या शेकडा अर्धा अशी एक पट्टी कायद्याने बसविली होती व तिचे उत्पन्न १९२९ मध्ये स्थापन झालेल्या कृषी परिषदेस संशोधनासाठी मिळे. त्या कायद्याच्या यादीत हाडे, लोकर, तूप, तंबाखू ह्यांबरोबर मासळीही होती. म्हणजे परदेशी गेलेल्या मासळीच्या प्रत्येक टोपलीमागे संशोधनाची एक चिमूट बाजूला पडत असे. २००६ साली ती पट्टी रद्द झाली. नॉर्वेत मासळीच्या निर्यातीवर हजारी तीन अशी पट्टी आजही आहे, व तिच्यातून चालणाऱ्या संशोधननिधीच्या कारभारात मत्स्यव्यवसायातील माणसे बसतात. ऑस्ट्रेलियात १९९१ पासून मत्स्यसंशोधनासाठी वेगळे महामंडळ आहे. सरकार व मच्छीमार दोघेही त्यात पैसा घालतात आणि कोणत्या प्रश्नावर काम व्हावे ह्याचा सल्ला देणाऱ्या समित्यांवर प्रत्यक्ष मासेमारी करणारेही असतात. ह्याचा अर्थ कोळ्याने शास्त्रज्ञाची आकडेमोड तपासावी असा नव्हे. पद्धत बरोबर आहे की नाही हे शास्त्रज्ञच सांगेल. पण प्रश्न खरा आहे की नाही, हे सांगण्यास ज्याचे जाळे रिकामे येते त्याच्याहून अधिक योग्य परीक्षक मला दिसत नाही. आपल्या समित्यांत एक खुर्ची त्याच्यासाठी असावी, आणि 'नावीन्य' ह्या सदराशेजारी 'सातत्य' असे एक सदर असावे. एवढ्या दोन गोष्टी झाल्या तरी माझ्या विद्यार्थ्याच्या अर्जासारखे पुष्कळ अर्ज काठावरून आत येतील.

ह्यावर एक आक्षेप येईल व तो खोटा नाही. सातत्याच्या नावाखाली आळशी मनुष्य तेच तेच काम करून वर्षानुवर्षे पैसा उचलील. उचलील खरा. नावीन्याच्या नावाखालीही जुन्याच कामास नवे भपकेदार नाव देऊन पैसा उचलणारे काही थोडे नाहीत. शब्द बदलून तोच निबंध दोन परीक्षांत लिहिणारी मुले मी पाहिली आहेत. दोन्ही ठिकाणी उपाय एकच : वही मागावी. मोजणी खरोखर झाली असेल तर ती वहीत दिसते. पावसात भिजलेले पान आणि कचेरीत बसून भरलेले पान ह्यांतला फरक चाळीस वहिन्या तपासणाऱ्या मास्तरास कळतो, तो तज्ज्ञास कळणार नाही असे नाही.

माझ्या विद्यार्थ्याने ह्या वर्षी अर्ज पुन्हा केला आहे. पहिल्या वेळच्या अर्जात नसलेली एक गोष्ट त्याने आता घातली. आमच्या शेजारच्या पाड्यावर एक वृद्ध कातकरी आहे. आभाळ व पाण्याचा रंग पाहून वलगण आज रात्री लागेल की उद्या, हे तो सांगतो, आणि त्याचे सांगणे सहसा चुकत नाही. तीन पावसाळे त्याने ओढ्यावर सोबत राहावे व त्यास रोजची मजुरी नव्हे, तर जाणकाराचे मानधन मिळावे, अशी योजना आहे. अर्ज भरताना मी जवळ बसलो होतो. मानधनाच्या रकान्यात शैक्षणिक पात्रता लिहावयाची होती आणि ती रिकामी सोडता येत नव्हती. आम्ही बराच वेळ विचार केला. शेवटी त्याचे नाव तेथून काढले व ती रक्कम 'किरकोळ खर्च' ह्या सदरात लिहिली.